सी बॅचची बाटली

आमच्या कॉलेजात समानता आली ती टपालानं. सोमवार होता, सकाळचे साडेदहा. बाबूनं पाकीट फोडलं, आवक क्रमांक टाकला, गोल शिक्का मारला अन् समानता प्राचार्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. कागदात लिहून होतं का सरकारी पगारावर चालणाऱ्या प्रत्येक कॉलेजानं समता समिती नेमावी, तक्रार पेटी लावावी, कोणावर जातीवरून, अपंगत्वावरून, बाईमाणूस म्हणून अन्याय होत असन तं तो शोधावा, दूर करावा, अन् दर तीन महिन्यांनी वर कळवावं. हे कायद्यानं बंधनकारक आहे, असं खाली ठळक अक्षरात. प्राचार्य चंद्रभान सरनं ते ठळक तेवढंच वाचलं.

मी प्रेमदास. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत परिचर, साध्या भाषेत लॅबवाला. काचेची भांडी धुतो, द्रावणं बनवतो, पोट्ट्याईनं फोडलेल्या परीक्षानळ्या झाडतो. बावीस वर्षं झाली. मूळचा वडनेरचा, राहाले सिंदी मेघेले, अन् कॉलेज सेलूच्या रस्त्यावर. कॉलेजाचं नाव सांगत नाई. पगार सरकार देते, पाटी संस्थेची आहे, अन् माह्यी तीन वर्षं नोकरी बाकी आहे, एवढ्यात समजून घ्या.

त्या समितीत माह्यी निवड कशी झाली ते ऐका. अनुसूचित जातीचा एक सदस्य पाहिजेच, असं परिपत्रकात होतं. आता कॉलेजात बौद्ध समाजाचे दोन प्राध्यापक आहेत, पण दोघंही बोलके. म्हून त्याईले क्रीडा समितीवर घेतलं. राह्यलो मी. तपासणीच्या फायली सजवायचं काम ज्याईच्याकडे आहे ते प्रफुल्ल सर स्वतः लॅबमधी आले.

"प्रेमदास, अभिनंदन. तुम्ही समता समितीचे सदस्य झालात."

"मले काय करा लागन, सर?"

"काही नाही. बसायचं आणि सही करायची."

पहिल्या सभेत मी बसलोही. मंग चहा कोणी आणायचा असा विषय निघाला. सगळ्याईनं एकाच वेळेस माह्याकडे पाह्यलं, अन् समता समितीचा पहिला प्रश्न एकमतानं सुटला. मी चहा घेऊन आलो तोवर सभा संपलती. सही तेवढी बाकी होती.

तक्रार पेटी लावली ती प्राचार्याच्या दारासमोर, सीसीटीव्हीच्या बरोब्बर खाली. चावी माह्याकडे. दर शनिवारी उघडायची. दोन वर्षांत त्या पेटीतून निघालं काय, तं चॉकलेटचे कागद, एक तुटकी हेअरपिन अन् एका पोट्ट्यानं कोण्या पोरीले लिहिलेली चिठ्ठी. ती मी फाडून टाकली, उगाच कोणाचं वाटोळं कायले. दर तीन महिन्यांनी वर अहवाल जायचा: निरंक. सरकारी भाषेत निरंक म्हणजे काहीच नाई. चंद्रभान सर मोठ्या अभिमानानं सांगायचे, "तक्रार नाही म्हणजे अन्याय नाही. आपलं कॉलेज जिल्ह्यात आदर्श आहे." खोटं कायले बोलू, मलेही तसंच वाटे.

आता बॅचची गोष्ट सांगतो. बीएस्सी दुसऱ्या वर्षाले नव्वद जण. लॅबमधी एका वेळेस तीस मावतात, म्हून तीन बॅच. रोल नंबर एक ते तीस ए, एकतीस ते साठ बी, एकसष्ट ते नव्वद सी. रोल नंबर कसा पडते? प्रवेशाच्या यादीवरून. यादी कशी लागते? आधी खुला वर्ग, मंग ओबीसी, मंग एससी, एसटी. झालं. कोणीच काही केलं नाई बाप्पा. कोणाच्या मनात पाप नाई. नुसते आकडे एकामागं एक बसत गेले, अन् सकाळी आठले ए बॅच, अकराले बी, अडीचले सी. कोणी विचारलंच तं आमच्या विभागप्रमुख नंदिनी मॅडम हात वर करायच्या, "मी जात पाहत नाही बाई, मी फक्त रोल नंबर पाहते."

प्रयोगाले कॉस्टिक सोड्याचं द्रावण लागते. आठवड्याले एकदाच मोठी बाटली बनवायची, हा विभागाचा रिवाज, माह्याही आधीचा. ए बॅच सैल हातानं वापरायची, उरलं तं बेसिनमधी ओतून द्यायची. बीच्या वेळेस बाटली उतरलेली राहायची. मॅडम म्हणायच्या, "पुरवून घे, प्रेमदास." मी थोडं पाणी टाकायचो. सीच्या वेळेस आणखी टाकायचो, दहात चार भाग पाणी होईपर्यंत, अन् बाटली गळ्यापर्यंत भरून ठेवायचो. सोड्याले रंग नाई, पाण्याले रंग नाई. कोणी पाह्यलं तं तिन्ही वेळेस बाटली सारखीच. बावीस वर्षं हे केलं. वाईट वाटलं का? नाई वाटलं. घरी पाव्हणे वाढले का बाई वरणात पाणी वाढवते, तेवढंच वाटे.

पण केमिस्ट्रीत ते चालत नाई. या प्रयोगात उभ्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडा खालच्या आम्लात टाका लागते, आम्लात रंगदर्शकाचे दोन थेंब असतात. बरोबर दहा मिली गेला का खालचं पाणी एकदम गुलाबी होते. सोडा पातळ असला तं दहावर होत नाई, जास्त ओता लागते. एचं दहावर यायचं. बीचं साडेबारावर. सीचं सोळाच्या पुढं. मॅडम बीच्या जर्नलवर लिहायच्या "सुधारणा आवश्यक" अन् सही द्यायच्या. सीच्या जर्नलवर लाल पेनानं लिहायच्या "वाचन चुकीचे, पुन्हा करा." अन् स्टाफरूममधी हळहळायच्या, तेही मनापासून. "सी बॅचच्या मुलांचा हातच बसत नाही हो. कष्टाळू आहेत बिचारी, पण प्रयोग हा त्यांचा प्रांत नाही."

त्या बॅचमधी दामिनी उईके होती, रोल नंबर शहात्तर. बोरच्या जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंडाची पोर. बाप पुनाजी वनखात्याच्या रोपवनात मजुरीले जाते. पोरगी घरी गोंडी बोलते, माह्यासंग वऱ्हाडी, मॅडमसंग पुस्तकातली मराठी, अन् तिन्ही भाषांत कमीच बोलते. तिच्या जर्नलवर चार वेळा "पुन्हा करा" आलतं. प्रात्यक्षिक परीक्षा पंधरा दिवसांवर. जर्नलवर विभागप्रमुखाची सही नसली तं परीक्षेले बसूच देत नाईत. नाई बसली का वर्ष गेलं. वर्ष गेलं का वसतिगृहातली जागा गेली, कारण नापासाले तिथी जागा नाई. अन् टोल्यावरून रोज येणं जमत नाई. म्हणजे एका सहीवर त्या पोरीचं सगळं शिक्षण टांगून होतं.

शनिवारी मी पेटी उघडली तं त्यात एक कागद. चार घड्या घातलेला, सुबक अक्षर. वरती विषय: "सी बॅचच्या सोड्याच्या द्रावणाची ताकद ०.१ नसून ०.०६ असल्याबाबत."

मी उभ्या उभ्या वाचलं. तिनं लिहिलतं: मी ऑक्झॅलिक अॅसिडचे खडे स्वतः तोलून आम्ल बनवले, त्यामुळे त्याची ताकद मला नक्की माहीत आहे. त्यावर प्रयोग चार वेळा केला. चारही वेळा सोळा पॉइंट सात आले. माझा हात चुकत असता तर चार वेळा चार उत्तरे आली असती. यावरून बाटलीत दहा भागांत चार भाग पाणी आहे असे गणिताने निघते. ते पाणी कोणी टाकले, हे रसायनशास्त्राने निघत नाही. तरी चौकशी व्हावी.

चार भाग! अरे, मी टाकत होतो तेवढंच नेमकं काढलं होतं पोरीनं. मी तसाच वसतिगृहाच्या फाटकावर गेलो अन् तिले बोलावून घेतलं.

"काऊन लिहिलं वं बेटा हे? परीक्षा तोंडावर आहे."

"परीक्षा तोंडावर आहे म्हून तं लिहिलं, काका."

"मॅडमले नुसतं विनवलं असतं तं त्याईनं दया केली असती."

"दया नाई पाहिजे जी. सही पाहिजे." ती मंग माह्याकडे सरळ पाहून म्हणते, "काका, तुमाले माहीत होतं का पाण्याचं?"

"मी तं नुसता लॅबवाला आहे."

"म्हून तं तुमालेच विचारून राह्यली."

लाज वाटली, अन् लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. कागद खिशात घातला अन् निघून आलो.

सोमवारी तो प्राचार्याच्या टेबलावर ठेवला. चंद्रभान सरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ही पेटी कोणी उघडली?"

"मीच सर. दर शनिवारी उघडायची, असं ठरलं आहे."

"उघडायची म्हणजे वाचायची असं नाही ना, प्रेमदास! पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येतेय. समानतेचीच तपासणी आहे. दोन वर्षं निरंक, आणि नेमकं आत्ता हे?"

सर खरंच हवालदिल झालते. एखाद्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर लग्नाच्या पंगतीत भाजीचा डाग पडावा तसं तोंड. त्याईनं लगेच प्रफुल्ल सरले बोलावलं. प्रफुल्ल सरनं कागद वाचला अन् हळूच म्हणलं का हिले बोलावून "कॉलेजातील समतेचे वातावरण" या विषयावर एक निबंध लिहून घेऊ, पहिला नंबर देऊ, अन् हा कागद परत घ्याले लावू. मॅडमनं दामिनीले बोलावून तसं समजावलंही. दामिनी म्हणाली, "निबंध लिहिते मॅडम, पण कागद राहू द्या." मंग उपाय राह्यला नाई. बुधवारी समितीची सभा लावली.

बुधवारी सकाळी मी घरी चहा पीत बसलतो. माह्यी बायको पंचफुला अंगणवाडीत मदतनीस आहे, तिची निघायची घाई. तिले मी सगळं सांगून टाकलं, म्हणलं, आज सभेत गप्प राहीन, तीन वर्षं काढायची आहेत, आपल्याले काय करा लागते.

ती पदर खोचता खोचता थांबली. "आपला अमर कोणत्या बॅचमधी होता जी?"

मी कप खाली ठेवला.

अमर आमचा पोरगा. नऊ वर्षांमागं याच कॉलेजात, याच लॅबमधी होता. रोल नंबर त्र्याऐंशी. बारावीले गणितात चांगले मार्क घेऊन आलता. दुसऱ्या वर्षाले जर्नल अडकलं, परीक्षेले बसता आलं नाई. घरी येऊन म्हणे, "बाबा, माह्या हातालेच जमत नाई." मी काय म्हणलो? मी म्हणलो, "जाऊ दे, सगळ्याईलेच जमते असं नाई." आता तो बुटीबोरीले कंपनीत ट्रकात माल चढवते.

"त्याच्या बाटलीत कोणी टाकलं होतं पाणी?" पंचफुलानं विचारलं.

मी इतकी वर्षं हे दोन अन् दोन कधी जोडलेच नवते. मायबाप हो, कसा माणूस मी! पोराले रोज डबा करून देत होतो, अन् अडीच वाजता त्याच हातानं त्याच्या बाटलीत नळ सोडत होतो. पंचफुला दार लावून गेली. मी तिथीच बसून रडलो.

सभा अकराले लागली. चंद्रभान सर अध्यक्ष, प्रफुल्ल सर लिहाले, नंदिनी मॅडम अन् मी. चहा त्या दिवशी मी आधीच सांगून ठेवलता.

"विषय एक," प्रफुल्ल सरनं वाचलं. "कु. दामिनी उईके यांचे द्रावणाबाबतचे पत्र. मॅडम, आपलं मत?"

"मुलगी हुशार आहे," मॅडम म्हणाल्या, "पण वाचन चुकलं की मुलं साधनांना दोष देतात. माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. ए बॅचचं कधी चुकत नाही. द्रावण तर एकच."

"एक नाई मॅडम," मी म्हणलं.

तिघांनीही माह्याकडे पाह्यलं. मले वाटते, भिंतीवरचा पंखा बोलला असता तरी त्याईले एवढं नवल वाटलं नसतं.

"सीच्या बाटलीत मी पाणी टाकतो. दहात चार भाग. बीच्यातही टाकतो, थोडं कमी. बावीस वर्षांपासून. त्या पोरीचा हिशेब बरोबर आहे, थेंबाचीही चूक नाई. तिचं वाचन चुकीचं नाई, द्रावण चुकीचं आहे. हे लिहून घ्या, खाली मी सही करतो. अन् माह्या पोराचंही वाचन बरोबरच होतं, तेही लिहून घ्या."

मॅडमचं तोंड पांढरं पडलं. पुरवून घे, हे शब्द त्याईले आठवले असतील. आठवले नसतील तं आठवण द्याची माह्यी तयारी होती.

चंद्रभान सर मात्र मोठे माणूस. अर्ध्या मिनिटात सावरले. "प्रेमदास, तुम्ही कोणत्या प्रवर्गातले?"

"एससी."

"आणि सी बॅच?"

"एससी, एसटी."

"मग!" सरनं टेबलावर थाप मारली. चेहरा एकदम उजळला. "यात भेदभाव कुठे आला? तुम्हीच टाकलं, तुमच्याच लोकांच्या बाटलीत टाकलं. हा तर तुमचा घरगुती मामला झाला!"

"वा सर," प्रफुल्ल सर म्हणाले, अन् लिहूही लागले.

माह्या डोक्यात अशी तिडीक गेली का सांगता सोय नाई. पण मी बसून राह्यलो. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीवर पूर्ण टेकून बसलो.

मंग एक तास इतिवृत्ताची भाषा ठरली. द्रावणात पाणी होतं असं लिहिलं तं तक्रार खरी ठरते. तक्रार खरी ठरली तं निरंक जाते. निरंक गेलं तं आदर्श जाते. म्हून लिहिलं: "सदर पत्र तक्रार नसून शैक्षणिक निरीक्षण आहे. द्रावणात दोष आढळून आला नाही." पण तपासणीवाल्याईले काहीतरी केलेलंही दाखवा लागते. म्हून पुढं ठराव: "समतेच्या तत्त्वानुसार यापुढे तिन्ही बॅचेसना एकसारख्या ताकदीचे द्रावण, उपलब्ध साठ्यातूनच, देण्यात यावे."

"साठा वाढवायचा का सर?" मी विचारलं.

"उपलब्ध साठ्यातूनच," सर म्हणाले. "मार्चमध्ये कसली खरेदी?"

"म्हणजे पाणी मंग सकाळीच टाकू? एच्या आधी?"

प्रफुल्ल सरनं मान वर न करता सांगितलं, "तांत्रिक बाबी तुम्ही बघून घ्या. ठरावात 'एकसारखे' आहे ना, तसं करा."

मी इतिवृत्त पूर्ण वाचलं, मंग सही केली अन् सदस्य म्हणून एक प्रत मागून घेतली. प्रत मागणारा सदस्य त्याईनं पह्यल्यांदा पाह्यला असन.

जाता जाता मॅडमले विचारलं, "दामिनीच्या जर्नलचं काय जी?"

मॅडमनं माह्या नजरेले नजर दिली नाई. "द्रावणात दोष नाही असं ठरलंय ना. मग वाचन चुकीचंच ठरतं. मी सही कशी करू? नियम सगळ्यांना सारखा."

हे दामिनीले सांगाले मी गेलतो. इतिवृत्ताची प्रतही दाखवली, अन् तिच्यापुढं सगळं कबूलही केलं, पाणी मीच टाकलं म्हणून. वाटलं, पोरगी शिव्या देईन. दिल्या असत्या तं बरं झालं असतं. तिनं ठराव दोनदा वाचला. "परीक्षेले दहा दिवस राह्यले, काका," एवढंच म्हणाली, अन् तोंड फिरवून डोळे पुसले. थोड्या वेळानं विचारते, "सोमवारी एच्या बाटलीत तुमी पाणी टाकसान?"

"समितीचा ठराव आहे बेटा. मी सदस्य आहे."

"मंग मी सकाळी येते," ती म्हणाली.

सोमवारी मी सात वाजताच लॅब उघडली. आठवड्याचा सोडा घेतला अन् तिन्ही बॅचचं पाणी एकाच वेळेस टाकलं, अगदी मापून, थेंब इकडचा तिकडं होऊ दिला नाई. इतकं कायदेशीर काम मी आयुष्यात केलं नवतं. आठले ए बॅच आली. पहिल्या टेबलावर अंकित, संस्थेच्या सचिवाचा पोरगा. तसा पोरगा वाईट नाई, स्वभावानं चांगला आहे, फक्त त्याले आजवर कोणी नाई म्हणलं नाई.

सव्वाआठले अंकित म्हणाला, "मॅडम, दहावर गुलाबी होत नाहीये."

"हळू सोड, नीट बघ."

साडेबारावर झालं. त्यानं परत केलं. परत साडेबारा. बाजूच्या पोरीचं साडेबारा. मागच्या टेबलावर साडेबारा. कुजबुज सुरू झाली. मी भांडी धूत होतो, पण कान तिकडंच. आता मॅडम काय लिहितील? "सुधारणा आवश्यक"? का लाल पेन काढतील?

मॅडमनं पेन काढलाच नाई. सरळ अंकितच्या टेबलावर गेल्या, स्वतः नळी धुतली, स्वतः सोडा भरला, स्वतः थेंब थेंब सोडला. साडेबारा. त्याईनं एकदाच पाह्यलं अन् वर्गाकडे वळून मोठ्यानं म्हणलं, "थांबा मुलांनो. घाबरू नका. तुमची काहीही चूक नाही. द्रावणच चुकलंय. प्रेमदास! स्टोअरमधली सीलबंद बाटली आणा, ताबडतोब!"

पंधरा मिनिटं! घड्याळ पाहून सांगतो, पंधरा मिनिटांत कळलं त्याईले. जी बाटली मागाले वर्ष लागते ती दहा मिनिटांत निघाली. मार्च महिना होता तरी निघाली.

मी बाटली घेऊन परत आलो तं दारात दामिनी उभी. छातीशी जर्नलांचा गठ्ठा, हनुवटीपर्यंत आलेला. ती आत आली अन् तो गठ्ठा मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"सी बॅचची जर्नलं, मॅडम. तीसही आहेत. सगळ्यांचं वाचन सोळा पॉइंट सातच्या आसपास आहे." ती पुस्तकातल्या मराठीत बोलत होती, एक शब्द अडखळला नाई. "तुम्ही आत्ता म्हणालात ते मी बाहेरून ऐकलं. साडेबारा आलं तर द्रावण चुकलं. मग सोळा आलं तर कोण चुकलं, मॅडम?"

लॅबमधी ए बॅचची तीस पोरं उभी होती. सगळी मॅडमकडे पाहून राह्यली होती. अंकितनं वरचं जर्नल उचललं, पान उघडलं अन् म्हणाला, "अरे, हिनं तर मॅडम, किती पाणी आहे तेही काढलंय. आपण साडेबारावरून काढू शकतो का?" त्याच्या मनात काही नवतं, बिचाऱ्याले खरंच केमिस्ट्री समजून घ्यायची होती.

मॅडम खाली बसल्या. त्याईनं अंकितच्या हातातलं जर्नल घेऊन आपलीच लाल अक्षरं वाचली. मंग लाल पेन बाजूले सारला, निळा घेतला, दामिनीच्या चारही "पुन्हा करा"वर आडवी रेघ मारली अन् सही केली. मंग दुसऱ्या जर्नलवर. मंग तिसऱ्या. मी मोजत उभा होतो. विसाव्याच्या पुढं त्याईचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाई. मले त्याईची कीव आली अन् रागही आला, दोन्ही संगंच. तीसही झाल्यावर दामिनीनं गठ्ठा परत उचलला, "थँक्यू मॅडम" म्हणाली अन् गेली.

त्या दिवशी अडीचले सी बॅचसाठी मी नवं द्रावण बनवलं, पाणी न वाढवता. दामिनी खिडकीजवळच्या टेबलावर नळीपुढं वाकून उभी होती. थेंब थेंब सोडत होती. अचानक ओरडली, "काका, दहा! दहावर झालं!" पूर्ण बॅच तिच्याभोवती जमा झाली. कोणी कोणाले टाळ्या देऊन राह्यलं होतं, एक पोरगी तं नाचूनच राह्यली.

तेवढ्यात शिपाई आला. हातात बंद पाकीट अन् पोचवही. प्राचार्याच्या सहीचा मेमो होता, माह्या नावानं, बावीस वर्षांतला पहिला. "विषय: ए बॅचच्या द्रावणात पाणी मिसळून विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान केल्याबाबत. आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा चोवीस तासांत सादर करावा."

मी पोचवहीवर सही केली अन् खाली वेळ टाकली, तीन वाजून दहा मिनिटं.